कायद्याला ‘का?’ विचारता आले पाहिजे

आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी अभ्यासवर्ग चालतो. वर्ग म्हणजे काय, तर एक सतरंजी, एक फळा, पंधरा-वीस पोरं आणि बोलायला माझ्यासारखा कुणीतरी. त्या दिवशी विषय होता बावीस प्रतिज्ञा. मी एकेक वाचत होतो, पोरं मागून म्हणत होती. चोरी, खोटेपणा, दारू यांच्याबद्दलच्या प्रतिज्ञांपर्यंत आलो आणि मागे भिंतीला टेकून बसलेलं एक पोरगं उभं राहिलं. नववी-दहावीतलं असेल. म्हणालं, “दादा, देव नाही असं तुम्हीच मागच्या रविवारी सांगितलं. स्वर्ग नाही, नरक नाही, वरून कुणी बघत नाही. मग खोटं का बोलू नये? सापडलो नाही तर काय बिघडतं?”

मी म्हणालो, “बाबासाहेबांनी प्रतिज्ञा दिलीय ना? मग बस खाली.”

पोरं हसली. ते पोरगं खाली बसलं. जयभीम म्हणून वर्ग सुटला.

घरी आलो तरी ते उभं राहिलेलं पोरगं डोळ्यांसमोरून हलेना. मग लक्षात आलं की मी त्याला जे उत्तर दिलं ते मनूचं उत्तर होतं. नाव फक्त बाबासाहेबांचं लावलं होतं. हा लेख त्या चुकीतून आला आहे. ‘जातिनिर्मूलन’ आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ही पुस्तकं मी त्या पोराचा प्रश्न हातात धरून पुन्हा वाचली. कायदा आणि नीती कशावर उभी करायची, देवाच्या शब्दावर की माणसाच्या बुद्धीवर, हा प्रश्न आपण सुटला असं समजून बाजूला ठेवला आहे. तो सुटलेला नाही.

आधी मनूकडे जाऊ. आपण मनुस्मृतीला शिव्या देतो, पण तिच्यातली नेमकी कोणती गोष्ट सगळ्यात घातक, हे सांगत नाही. शूद्राने द्विजाला शिवी दिली तर जीभ छाटावी, हे तिच्यात आहे. ज्या गुन्ह्याला इतरांना देहान्त त्याच गुन्ह्याला ब्राह्मणाला नुसतं मुंडण, हेही आहे. हे भयंकर आहेच. पण माझ्या मते खरी मेख दुसऱ्या अध्यायात आहे. तिथे मनू म्हणतो की जो द्विज हेतुशास्त्राचा, म्हणजे तर्काचा आधार घेऊन श्रुती आणि स्मृती यांचा अवमान करील, त्याला सज्जनांनी बहिष्कृत करावे, तो नास्तिक समजावा. बघा, शूद्राचा इथे प्रश्नच नाही, त्याला तर वाचायचीच बंदी. ही धमकी खुद्द द्विजाला आहे! आपल्याच माणसाला मनू बजावतो की सगळं कर, फक्त ‘का?’ विचारू नकोस.

असं का बजावावं लागलं? कारण ‘का?’ विचारलं की पुस्तक कोसळतं. एकाच गुन्ह्याला एकाला फाशी आणि दुसऱ्याला हजामत, हे कुठल्या न्यायाने? याला बुद्धीजवळ उत्तर नाही. मग उत्तर एकच राहतं, तू पायातून जन्मलास आणि तो मुखातून. ज्या कायद्याला माणसाच्या दरबारात साक्षीदार मिळत नाही तो देवाला साक्षीला बोलावतो. आणि हा साक्षीदार असा की त्याची उलटतपासणी घेता येत नाही.

२५ डिसेंबर १९२७ ला महाडात मनुस्मृती जाळली. ठराव मांडला बापूसाहेब सहस्रबुद्धे यांनी, जन्माने ब्राह्मण असलेल्या माणसाने. कागद जाळून काय होतं, असं तेव्हाही विचारणारे होते, आजही आहेत. कागद जळला हे दुय्यम. ज्या कायद्याला ‘का?’ विचारता येत नाही तो आम्हाला लागू नाही, हे हजारो माणसांसमोर जाहीर झालं.

पण महाडची गोष्ट आपण इथेच थांबवतो. मार्चमध्ये पाणी प्यालो, डिसेंबरमध्ये मनुस्मृती जाळली, बस्स. कोर्टाचं प्रकरण कुणी सांगत नाही, कारण त्यात घोषणा नाहीत. ते मला फार महत्त्वाचं वाटतं. डिसेंबर १९२७ मध्ये सवर्णांनी कोर्टातून मनाईहुकूम आणला. त्यांचं म्हणणं काय होतं? या तळ्यावर अस्पृश्यांनी यायचं नाही, ही अनादि काळापासूनची वहिवाट आहे. त्या वेळच्या इंग्रजी कायद्यात जुन्या वहिवाटीला कायद्याइतकं वजन होतं. १९२३ सालचा बोले यांचा कौन्सिलातला ठराव होता, १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने तळं खुलं केलं होतं, तरी हे दहा वर्षं चाललं. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने निकाल दिला, आपल्या बाजूने.

कशावर दिला? माणसाला पाणी नाकारणं अन्यायाचं आहे, म्हणून? नाही. कोर्ट म्हणालं की वहिवाट अनादि असल्याचं यांना सिद्ध करता आलं नाही. ते सिद्ध झालं असतं तर मग ती वाजवी आहे का, लोकहिताच्या विरुद्ध आहे का, हे कदाचित बघावं लागलं असतं. म्हणजे न्यायाचा मूळ प्रश्न दारातच उभा राहिला. आपण जिंकलो ते जुलमाचा जन्मदाखला सापडला नाही म्हणून. समजा दाखला सापडला असता? जुलूम दोन हजार वर्षांचा आहे असं कागदोपत्री दिसलं असतं, तर तो जास्त पवित्र झाला असता काय?

देवाच्या आज्ञेवर आणि जुनेपणावर उभ्या असलेल्या कायद्याचं हेच असतं. जुलूम जितका जुना तितका तो पक्का.

आता कुणी म्हणेल, देव काय नेहमी आपल्या विरुद्धच असतो? देवाच्या नावाने कुणी आपल्या बाजूनेही बोलू शकतं की! बोललं आहे. १५ जानेवारी १९३४ ला बिहारात मोठा भूकंप झाला, हजारो माणसं मेली. गांधीजी म्हणाले, अस्पृश्यतेच्या पापाची ही देवाने दिलेली शिक्षा आहे. आपल्याच बाजूचं वाक्य झालं ना? आपल्यातल्या भाबड्यांना आजही ते आवडेल. पण रवींद्रनाथ टागोरांनी जाहीर हरकत घेतली. निसर्गातल्या घडामोडीला नीतीशी असं जोडता येत नाही, आणि ही विचारपद्धती गांधीजींपेक्षा त्यांच्या विरोधकांनाच जास्त सोयीची आहे, असा त्यांचा मुद्दा होता. अस्पृश्यता घालवायला निघालात म्हणून देव कोपला, असं सनातनी म्हणाले तर त्यांना काय उत्तर देणार?

उत्तर नाहीच. भूकंपाखाली गाडलं गेलेलं लेकरू कुठल्या जातीचं होतं, हे भूकंपाने विचारलं नव्हतं. आणि समजा, पुढची शंभर वर्षं भूकंप झालाच नाही, तर अस्पृश्यता पाळायला हरकत नाही असं ठरणार काय? जी गोष्ट स्वतःच्या पायावर वाईट आहे तिला देवाच्या रागाचा टेकू दिला, की टेकू निघाल्यावर तीही पडते. आपल्या बाजूने बोलणारा देवसुद्धा उधारीचा असतो आणि त्याचा सावकार दुसराच असतो.

दोन वर्षांनी, १९३६ साली, ‘जातिनिर्मूलन’ छापून झालं. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं हे भाषण. मंडळाला आधी वाचायला मिळालं आणि त्यांनी परिषदच रद्द केली. ते का घाबरले? जाती तोडा, हे तर मंडळाच्या नावातच होतं. ते घाबरले ते पुढच्या पायरीला. बाबासाहेब म्हणत होते की लोक जात पाळतात ते दुष्ट आहेत म्हणून नव्हे, ते धर्म पाळतात म्हणून. तेव्हा शास्त्रांचा नवा अर्थ लावत बसू नका, शास्त्रांचा अधिकारच मोडा. बुद्धाने मोडला तसा, नानकाने मोडला तसा.

याच पुस्तकात नियम आणि तत्त्व यांच्यात त्यांनी केलेला फरक मला आज सगळ्यात उपयोगाचा वाटतो. नियम सांगतो, अमुक कर, तमुक करू नको. तत्त्व सांगतं, काय करायचं ते या मापाने मोजून तू ठरव. नियम पाळणाऱ्याला डोकं लागत नाही, म्हणून त्याच्यावर जबाबदारीही येत नाही. तत्त्वाने चालणारा चुकू शकतो, पण चूक त्याची असते आणि बरोबरही त्याचंच असतं. बाबासाहेबांच्या मते हिंदू ज्याला धर्म म्हणतात तो निव्वळ आज्ञांचा ढीग आहे. आज्ञा पाळणारा माणूस नीतिमान नसतो, तो फक्त आज्ञाधारक असतो.

गांधीजींनी जुलै १९३६ मध्ये ‘हरिजन’मधून उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं असं की जे बुद्धीच्या कसोटीला उतरत नाही किंवा आत्मानुभवाला येत नाही ते देवाचं वचन मानता येणार नाही. ऐकायला किती छान! पण थोडं थांबून विचार करा. बुद्धीला पटेल तेवढंच देवाचं वचन मानायचं असेल तर निर्णय बुद्धीनेच केला ना? मग देवाचं वचन वर शिक्का मारायला कशाला ठेवता? ठेवता कारण गादी रिकामी करायची नाही. आज त्या गादीवर भला माणूस बसून चांगला अर्थ सांगेल. उद्या तिथे शंकराचार्य बसेल. बाबासाहेबांचं प्रत्युत्तर रोखठोक होतं. खरी शास्त्रं कोणती आणि मागून घुसडलेलं काय, हा भेद साध्या माणसाला माहीत नसतो. त्याला जे धर्म म्हणून सांगितलं जातं ते तो पाळतो.

इथे जोतीराव फुल्यांना मध्ये आणलंच पाहिजे, कारण ते देव मानत होते. ‘सार्वजनिक सत्यधर्म’ त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली निघालं. त्यात निर्मीक आहे, आणि त्या निर्मीकाने सगळ्या स्त्रीपुरुषांना सारखे हक्क दिले आहेत. मग जोतीरावांची नीती देवावर उभी आहे, असं म्हणायचं काय? मला आधी तसंच वाटत होतं. पुन्हा वाचताना दिसलं की हा निर्मीक बोलत नाही. त्याने पुस्तक पाठवलेलं नाही, त्याचा पुजारी नाही, दलाल नाही. त्याला काय हवं ते कळायला माणसाजवळ स्वतःची अक्कल वापरण्यापलीकडे मार्ग नाही. म्हणून तर जोतीरावांच्या घराच्या चित्रात बाई बुद्धाचं वाचून बौद्ध होते, नवरा ख्रिस्ती होतो, मुलगी मुसलमान होते, मुलगा सत्यधर्मी होतो आणि सगळे एका घरात प्रेमाने राहतात. कुणी कुणाचा हेवा करत नाही. कुठल्याही पोथीला शेवटचा शब्द न दिल्याशिवाय असं घर उभं राहत नाही. जोतीरावांनी देव ठेवला, पण त्याच्या हातातला आसूड काढून घेतला. बाबासाहेबांनी पुढे देवाचीही गरज ठेवली नाही.

ही झाली विचारांची गोष्ट. राज्य चालवायच्या कायद्यात ती कशी उतरली?

१७ ऑक्टोबर १९४९. घटना समितीत उद्देशिकेवर चर्चा चालू होती. ह. वि. कामत यांनी दुरुस्ती मांडली की सुरुवात देवाच्या नावाने करावी. मतदान झालं. बाजूने ४१, विरुद्ध ६८. देव पडला म्हणून नाचू नका, मुद्दा तो नाही. विरोध करणाऱ्यांत देव मानणारे होते. हृदयनाथ कुंझरू यांचा आक्षेप साधा होता. याच उद्देशिकेत आपण विचाराचं आणि श्रद्धेचं स्वातंत्र्य देतो आहोत, मग सुरुवातीलाच सगळ्यांच्या तोंडी देव कसा घालायचा? देव मानणाऱ्यालाही देवाच्या नावाचा कायदा नको वाटू शकतो, हे त्या दिवशी दिसलं. घटना आम्ही लोकांनी आम्हालाच दिली. देणारे आपण आहोत म्हणून जाब विचारण्याचा हक्कही आपला आहे. वरून आलेल्या वस्तूचा जाब कुणाला विचारणार?

घटनेचं १३वं कलम वाचा. मूलभूत हक्कांशी विसंगत असेल तो कायदा रद्द. आणि कायदा या शब्दात कायद्याचं बळ असलेली रूढी आणि वहिवाटही धरली आहे. महाडचा दावा आठवा. १९३७ ला जो प्रश्न दारात उभा राहिला त्याला या कलमाने आत घेतलं. वहिवाट किती जुनी हे आता विचारायचं नाही. ती माणसाच्या हक्कांना धक्का लावते का, एवढंच विचारायचं.

पण पोथी अशी सहजासहजी हटत नसते. १९५१ साली, घटना लागू होऊन दीडएक वर्ष झालं असताना, त्याच मुंबई हायकोर्टापुढे नरसू अप्पा माळी याचा खटला आला. हिंदूंमध्ये दुसरं लग्न करायला बंदी घालणारा मुंबई सरकारचा १९४६ सालचा कायदा होता, त्याला आव्हान होतं. बंदी टिकली, चांगलं झालं. पण जाता जाता कोर्ट म्हणालं की व्यक्तिगत कायदे १३व्या कलमातल्या ‘कायदा’ या शब्दात येत नाहीत. म्हणजे लग्न, वारसा, दत्तक, बाईच्या आयुष्याचं जेवढं म्हणून काही आहे ते धर्मग्रंथांतून आलेलं असेल, तर त्याला मूलभूत हक्कांची परीक्षा नाही. पुढच्या दारातून बाहेर काढलेली पोथी मागच्या दारातून घरात आली आणि चुलीपाशी बसली. हिंदू कोड बिलाला पार्लमेंटात जे झालं ते याच काळातलं. बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये राजीनामा दिला त्यामागे हेही एक मोठं कारण होतं.

दुसरी गोष्ट २ डिसेंबर १९४८ ची. घटना समितीत बाबासाहेब म्हणाले होते की या देशात धर्माची कल्पना जन्मापासून मरणापर्यंत सगळं व्यापते. तेव्हा धर्मस्वातंत्र्याचं संरक्षण स्वरूपानेच धार्मिक असलेल्या बाबींपुरतं, विधींपुरतं ठेवावं लागेल. हेतू उघड आहे. पूजा कशी करायची ते तुमचं तुम्ही बघा, बाकी जगण्याचा कायदा माणसं ठरवतील. पुढे कोर्टांनी याचं काय केलं? ‘ही बाब धार्मिक स्वरूपाची आहे का?’ या प्रश्नाच्या जागी ‘ही बाब त्या धर्माला आवश्यक आहे का?’ असा प्रश्न आला. दोन्ही सारखेच वाटतात. पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला न्यायाधीशाला पोथी उघडावी लागते. शास्त्रांचा नवा अर्थ लावत बसू नका, असं १९३६ साली ज्यांनी सांगितलं, त्यांनीच लिहिलेल्या घटनेखाली न्यायाधीश शास्त्रांचे अर्थ लावत बसले.

२८ सप्टेंबर २०१८ ला शबरीमलाचा निकाल आला. दहा ते पन्नास वयाच्या बायकांना मंदिरात बंदी होती, ती सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने उठवली. ज्या नीतीच्या अधीन राहून धर्मस्वातंत्र्य दिलं आहे ती नीती म्हणजे घटनेची नीती, असं बहुमताने धरलं. न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी ही बंदी १७व्या कलमाखाली, म्हणजे अस्पृश्यतेच्या कलमाखाली तपासली. विटाळ बाईचा असो की महाराचा, मूळ एकच, हे कोर्टाच्या कागदावर आलं. विरोधी मत न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांचं होतं. धर्माच्या बाबतीत कोर्टाने तर्कबुद्धीची कसोटी लावू नये, असं त्यांनी लिहिलं. बाईनेच बाईविरुद्ध मत दिलं, असं म्हणून आपल्यातले काही जण हसले. हसू नका, त्यांचा मुद्दा घ्या. बुद्धीची कसोटी धर्माला लावायची नाही, असं म्हटलं की प्रश्न येतो, मग विटाळ कुठल्या कसोटीवर घालवणार? मनूचं दुसऱ्या अध्यायातलं म्हणणं आणि हे म्हणणं यात हेतू वेगळा असेल, वाट एकाच गावाला जाते. नोव्हेंबर २०१९ मध्ये फेरविचारातले मोठे प्रश्न आणखी मोठ्या पीठाकडे पाठवले गेले. म्हणजे १९२७ चा वाद इतक्या वर्षांनीही दफ्तरात होता.

इथपर्यंत मी बुद्धीच्या बाजूने जोरात आलो. पण आता त्या पोराचा प्रश्न परत समोर येतो. खोटं का बोलू नये? बुद्धीने विचार केला तर कधीकधी खोटं बोलणंच फायद्याचं दिसतं की! बुद्धी विकलीही जाते. या देशात बुद्धीचा मक्ता ज्यांच्याकडे होता त्यांनी ती कशासाठी वापरली, हे ‘जातिनिर्मूलना’त बाबासाहेबांनीच सांगितलं आहे. बुद्धिमान वर्ग आपल्या जातीच्या हितापलीकडे जात नाही, हे त्यांनी सोसून लिहिलेलं आहे. अणुबाँब काय बुद्धीशिवाय झाला? तेव्हा नुसती ‘बुद्धी, बुद्धी’ करून भागत नाही.

म्हणून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मधलं चौथ्या खंडातलं प्रकरण मी तीनदा वाचलं. तिथे बाबासाहेब सांगतात की धर्मात देवाची जी जागा, ती धम्मात नीतीची. माणसाने माणसावर प्रेम करण्याची गरज आहे, त्या गरजेतून नीती येते, तिला देवाच्या मंजुरीची गरज नाही. इथवर मला पटलं. पण पुढे ते म्हणतात, नुसती नीती पुरेशी नाही, ती पवित्र असली पाहिजे आणि सर्वांसाठी असली पाहिजे. ‘पवित्र’ या शब्दाला मी अडखळलो. मनात आलं, च्यायला, एवढं सगळं मोडलं आणि शेवटी पावित्र्य परत आणलं? मनूही पवित्रच म्हणत होता ना?

नीट वाचल्यावर फरक दिसला. मनूचं पावित्र्य प्रश्नाला बंदी करतं. बाबासाहेबांचं पावित्र्य सौद्याला बंदी करतं. ते पावित्र्याचा उगमही बुद्धीनेच समजावून सांगतात. जगण्याच्या झगड्यात बळकट तेवढा टिकतो आणि दुबळा मारला जातो. समाजाला टिकायचं तर दुबळ्याला जगवलं पाहिजे. ते बळकटाच्या मर्जीवर सोडलं तर तो सोयीप्रमाणे नियम मोडणार. म्हणून काही गोष्टी मोडायच्याच नाहीत, असं ठरवावं लागतं. का ठरवलं, हे विचारायला मोकळीक आहे, विचारलं की कारण मिळतं. फक्त आज माझा फायदा आहे म्हणून आज मोडतो, असं करता येत नाही.

आणि दुसरी अट याहून कडक. चोरांच्या टोळीतही नीती असते, ते एकमेकांना फसवत नाहीत. जातीच्या आतही असते, जातभाईसाठी माणूस जीव टाकतो. ही नीती त्या-त्या टोळीला पवित्रच वाटते. पण ती टोळीपुरती आहे म्हणून बाहेरच्यांना मारते. तेव्हा सर्वांना लागू होईल तीच नीती. ही कसोटी मनूला लावा, एका क्षणात नापास. आता ती आपल्यालाही लावा. पोटजातीत सोयरीक करताना आपण काय करतो? पोरीने स्वतः नवरा निवडला तर घरात काय होतं? मांग, चांभार, भंगी यांच्या मोहल्ल्यात आपला अभ्यासवर्ग कधी गेला? तिथे आपली नीती टोळीची होते, आणि तेव्हा आपल्याला बाबासाहेबांचं वाक्य सापडत नाही.

मित्रांनो, आता सगळ्यात अवघड जागेवर येतो. आपण बाबासाहेबांना श्रुती केलं आहे. वादात अडचण आली की आपण खंड आणि पान सांगतो, वाद संपला. पण स्वतः बाबासाहेबांनी बुद्धालाही असं वाचलं नाही. म्हातारा, रोगी आणि प्रेत बघून सिद्धार्थाने घर सोडलं, ही परंपरेची गोष्ट त्यांनी प्रस्तावनेतच नाकारली, कारण ती बुद्धीला पटत नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात झालेला तंटा हे कारण त्यांनी मांडलं. चार आर्यसत्यं मूळची की मागून आलेली, असाही प्रश्न त्यांनी टाकला. बुद्धाचं वचन ओळखायची त्यांची कसोटी कोणती? बुद्ध बुद्धिवादी होता, तेव्हा जे तर्काला धरून आहे ते त्याचं. ज्या माणसाने बुद्धाच्या पोथीला ‘का?’ विचारलं, त्याच्या पोथीला ‘का?’ विचारायला आपण भितो!

एक जुना कार्यकर्ता मित्र मला म्हणाला, “आत्ता असं लिहू नकोस. घटना बदलायला टपलेले लोक आहेत. आपणच तिला प्रश्न विचारायला लागलो तर त्यांचं फावेल.” त्याची भीती खोटी नाही. पण मला उलट वाटतं. २६ नोव्हेंबरला आपण घटनेची पालखी काढतो, फुलं वाहतो. चांगलं आहे, लोकांना ती आपली वाटली पाहिजे. पण नुसती पूजा केलेली वस्तू कुणी उचलून नेली तर पूजा करणारा छाती पिटतो, दुसरं काही करू शकत नाही. ३६८व्या कलमात ही घटना स्वतःच्या दुरुस्तीची रीत सांगते. कुठली श्रुती असं सांगते? तेव्हा बदलायला आलेल्याला ‘हे पवित्र आहे, हात लावू नका’ म्हणून भागणार नाही. त्याला विचारावं लागेल, का बदलायची? कुणाच्या हितासाठी? दुबळ्याला त्यात काय मिळणार? हे प्रश्न विचारायचे तर १७वं कलम का आहे, १३वं का आहे, हे आपल्या पोराला कारणांसकट तोंडपाठ पाहिजे. ज्याला कारण माहीत आहे तोच शेवटपर्यंत लढतो. ज्याला फक्त आज्ञा माहीत आहे तो दुसऱ्या आज्ञेची वाट बघतो.

राहिलं त्या पोराचं उत्तर. ते मी आता असं देईन. बाबा रे, वरून कुणी बघत नाही, हे खरं. पण तुझ्या-माझ्या आजोबांनी सावकाराच्या वहीवर अंगठा उठवला तेव्हा त्या वहीत खोटा आकडा होता. सावकार देवभोळा होता, रोज पूजा करून गादीवर बसायचा. देव बघतोय ही भीती त्याला होती, तरी आकडा खोटाच पडला, कारण त्याच्या नीतीत आपण नव्हतो. खोटं हे नेहमी ज्याला वाचता येत नाही, ज्याला तपासता येत नाही, त्याच्या डोक्यावर पडतं. आपण त्याखाली पिढ्यान्‌पिढ्या दबलो म्हणून ते काय करतं हे आपल्याला माहीत आहे. तू खोटं बोललास तर तुझ्याहून दुबळा कुणीतरी त्याखाली येईल, बहुतेक तुझ्या घरातलीच एखादी बाई. म्हणून बोलायचं नाही. सापडण्याचा प्रश्नच नाही.

हे त्याला पटेल की नाही, माहीत नाही. नाही पटलं तर तो परत उभा राहील आणि परत विचारील. येत्या रविवारी वर्ग आहे. त्याच्या घरी जाऊन सांगून आलोय, ये म्हणून. आणि तुमच्या वर्गात असं एखादं पोरगं उभं राहिलं, तर माझ्यासारखं त्याला खाली बसवू नका.

जयभीम.